फुप्फुसातला आजार, मज्जेतला तपास

एप्रिल १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एलिनॉर रूझवेल्ट यांना ॲप्लास्टिक ॲनिमिया झाल्याचं निदान केलं. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एवढीच त्यांची ओळख नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं होतं, आणि १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा घडवताना भारताच्या हंसा मेहता त्यांच्या सहकारी होत्या. वय पंचाहत्तर, तरी दौरे आणि भाषणं चालूच. इकडे अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त तयार करणारा मऊ गर, काम आवरतं घेत होती. १९६२ मध्ये रक्ताचे आकडे आणखी घसरले तेव्हा त्यांना स्टिरॉइड सुरू झालं. मग ताप आला आणि तो हटेना. अखेर मज्जेच्या नमुन्यातून क्षयाचे जंतू वाढले. ७ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचं निधन झालं. शवविच्छेदनात क्षय अंगभर पसरलेला आढळला.

या प्रकरणावर डॉक्टरांनी पुढे बराच खल केला. मज्जा आधी बंद पडली आणि स्टिरॉइडमुळे अंगात दबा धरून बसलेला जुना क्षय उसळला, की क्षयानेच मज्जेत घुसून रक्त घटवलं होतं? पहिली शक्यता खरी मानली तर स्टिरॉइड अंगलट आलं. दुसरी खरी मानली तर मूळ आजार दोन वर्षं नजरेआड राहिला.

क्षयाच्या जागी सारकॉइडोसिस ठेवला की हाच पेच वेगळ्या रूपात समोर येतो. सारकॉइडोसिस हा मुख्यतः फुप्फुसांचा आणि छातीतल्या लसिकागाठींचा आजार. पण त्याच्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पेशी घटतात, आणि क्वचित एखाद्याची मज्जा खरोखरच निकामी होते. हा योगायोग समजायचा, की दोन्ही आजारांचं मूळ एकच? रुग्णाच्या दृष्टीने त्याहून तातडीचा प्रश्न असा, की आकडे घटलेत ते नेमके कशाने? कारण प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यासाठी घातक ठरू शकतो.

चोर न सापडणारा पहारा

लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी १८७७ मध्ये कोळशाच्या धक्क्यावर काम करणाऱ्या एका माणसाच्या हातापायांवरच्या जांभळट चट्ट्यांचं वर्णन केलं. नॉर्वेचे सीझर बोएक यांनी १८९९ मध्ये असेच चट्टे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना त्या पेशी सार्कोमा या कर्करोगासारख्या वाटल्या, पण आजार निरुपद्रवी होता, म्हणून त्यांनी त्याला ‘सारकॉइड’ म्हटलं. हा केवळ कातडीचा आजार नसून फुप्फुसं, लसिकागाठी, यकृत, प्लीहा, डोळे, हृदय, मज्जासंस्था असं काहीही त्याच्या तावडीत सापडू शकतं, हे पुढच्या काही दशकांत स्पष्ट झालं. आज नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत छातीला त्याची बाधा झालेली दिसते.

सारकॉइडोसिसची खूण म्हणजे ग्रॅन्युलोमा, अर्थात रोगप्रतिकारक पेशींची घट्ट गाठ. गावात चोर शिरल्याची आवई उठावी, माणसांनी काठ्या घेऊन चौकात ठाण मांडावं, रात्रीमागून रात्री जाव्यात आणि चोर मात्र सापडू नये, तसा हा प्रकार. क्षयाच्या गाठीत चोर असतो, जंतू सापडतो. तिचा गाभा मरून भुसभुशीत होतो. सारकॉइडच्या गाठीचा गाभा सहसा शाबूत राहतो आणि जंतू मिळत नाही. हा पहारा उभा करतात टी-पेशी. त्या इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ या रसायनांनी इतर पेशींना हाका मारतात. ही दोन नावं पुढे पुन्हा येतील.

भारतात हा आजार दुर्मीळ आहे, असा समज अनेक वर्षं होता. खोकला, बारीक ताप, घटलेलं वजन, एक्स-रेत छातीच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या गाठी असं चित्र दिसलं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचाच येतो, आणि आकडेवारी पाहता तो येणं रास्तही आहे. मग ‘एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून बघू’ असं ठरतं. सहा महिने गोळ्या होतात, गाठी तशाच राहतात, आणि त्यानंतर दुर्बिणीतून गाठीचा तुकडा काढल्यावर सारकॉइडोसिसचं नाव पुढे येतं. मॅन्टू चाचणी इथे थोडी मदत करते. क्षयात ती बहुधा ठळक उमटते. सारकॉइडच्या अनेक रुग्णांत हातावर काहीच उमटत नाही.

या सगळ्यात रक्ताकडे लक्ष जातं ते साध्या सीबीसीमुळे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीमुळे.

आकडे घटण्याच्या वाटा

निरोगी प्रौढाची मज्जा रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी तयार करते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स निराळ्या. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट ७ ते १० दिवस, आणि न्यूट्रोफिल ही जंतूंशी लढणारी पांढरी पेशी रक्तात एखादा दिवसही काढत नाही. त्यामुळे मज्जेचं काम अचानक थांबलं तर आधी ताप येतो, घसा धरतो, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. फिकटपणा आणि धाप मागाहून येतात. आजार सावकाश वाढत असेल तर मात्र थकव्यापलीकडे महिनोन्‌महिने काही कळत नाही, आणि सारकॉइडच्या रुग्णाचा थकवा तर मूळ आजाराच्याच खात्यावर मांडला जातो.

सारकॉइडोसिसमध्ये सगळ्यांत जास्त वेळा घटतात त्या लिम्फोसाइट्स, म्हणजे टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी. यात मज्जेचा दोष नसतो. पेशी फुप्फुसांत आणि गाठींत पहाऱ्याला गेलेल्या असतात, म्हणून दंडातून काढलेल्या रक्तात त्या कमी भरतात. गावकरी चौकात जमले की गल्ल्या ओस दिसणारच. ही घट आजार किती जागा आहे हे सांगते. तिच्यासाठी वेगळं औषध लागत नाही.

दुसरी वाट प्लीहेची, म्हणजे पाणथरीची. एरवीही शरीरातल्या सुमारे एक-तृतीयांश प्लेटलेट्स प्लीहेत साठलेल्या असतात. ग्रॅन्युलोमांनी प्लीहा सुजली की ती कितीतरी जास्त पेशी अडकवून ठेवते. मज्जा पूर्ण जोमात चालू असते, पण तिचा माल वाटेतच अडतो. डाव्या बरगडीखाली हाताला लागणारी प्लीहा किंवा सोनोग्राफीचा अहवाल ही वाट दाखवून देतो.

तिसऱ्या वाटेवर शरीर स्वतःच्याच पेशी मारतं. तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ दिसते, किंवा प्लेटलेट्स काही दिवसांत दीड-दोन लाखांवरून काही हजारांवर येतात. सारकॉइडोसिसमध्ये हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा एका रात्रीतही घडू शकतं.

चौथी वाट वळसा घालून येते. ग्रॅन्युलोमातल्या पेशी ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप स्वतःच तयार करू लागतात. त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि ते दीर्घकाळ वाढलेलं राहिलं तर मूत्रपिंडं बिघडतात. मज्जेला तांबड्या पेशी वाढवण्याचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडांतच तयार होतं. ते कमी पडलं की हिमोग्लोबिन उतरतं. ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आपल्याकडे अंगदुखीवर सर्रास दिल्या जातात. सारकॉइडच्या रुग्णाने कॅल्शियम तपासल्याशिवाय त्या घेणं धोक्याचं आहे.

पाचवी वाट थेट मज्जेत जाते, कारण ग्रॅन्युलोमा तिथेही तयार होतात. ते आढळले म्हणजे मज्जा निकामी झाली, असा मात्र अर्थ नाही. बहुतेक वेळा ते बारीक आणि विखुरलेले असतात, आणि आजूबाजूला रक्तनिर्मिती बऱ्यापैकी चालू असते. तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स असे तिन्ही आकडे एकदम तळाला जावेत इतकी दाटी विरळाच. पेट-स्कॅनमध्ये मात्र अशी हाडं चमकतात आणि अहवालात कर्करोग पसरल्याची शंका नोंदवली जाते. गाठीतला तुकडा तपासून होईपर्यंत घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं.

गोळीची बाजू

सहावी वाट औषधांची, आणि ओपीडीत ती विसरून चालत नाही.

सारकॉइडोसिसमध्ये पहिलं औषध म्हणजे प्रेडनिसोलोन. ते किती द्यावं यावर चंदीगडच्या पीजीआयमध्ये झालेली सारकॉर्ट नावाची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज ४० मिलिग्रॅमने सुरुवात करणं २० मिलिग्रॅमपेक्षा सरस ठरत नाही, असं त्यात दिसलं. स्टिरॉइडने वजन, साखर, हाडं यांवर परिणाम होतो, म्हणून ते लवकर कमी करता यावं यासाठी मेथोट्रेक्सेट जोडलं जातं. २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत फुप्फुसांच्या सारकॉइडसाठी मेथोट्रेक्सेट पहिलं औषध म्हणूनही प्रेडनिसोनच्या तोडीस तोड ठरलं. म्हणजे हे औषध यापुढे आणखी रुग्णांच्या घरी जाणार.

ही छोटी पिवळी गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही असतं. पण घरात बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या. सकाळचा डबा भरणारा मुलगा किंवा सून तीही रोजच्या कप्प्यात टाकते. पाच-सात दिवसांत तोंड आतून सोलवटतं, घास गिळवत नाही, आणि सीबीसीत तिन्ही आकडे कोसळलेले दिसतात. मेथोट्रेक्सेट पेशींना फॉलिक आम्ल वापरू देत नाही, आणि मज्जा ही शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या ऊतींपैकी एक असल्याने मार तिच्यावर आधी बसतो. म्हणून जाणते डॉक्टर ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्यावर न थांबता ‘दर रविवारी’ असा वार लिहून देतात. मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा त्याच वेळी को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक चालू असेल, तर ठरलेली मात्राही जड जाते. विषबाधा लवकर ओळखली तर फोलिनिक आम्ल हा उतारा उपलब्ध आहे.

ॲझाथायोप्रिनची गोष्ट वेगळी. ते शरीरात निष्प्रभ करणाऱ्या यंत्रणेत एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकाचा वाटा आहे, हे २०१४ मध्ये कोरियातल्या रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आलं. या जनुकातला दोष युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आशियात, भारतातही, बराच जास्त आढळतो. दोन्ही प्रती सदोष असलेल्या माणसाला नेहमीची मात्रा दिली तर काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्याच सुमारास उशीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. केस गळणं हे अशा वेळी तातडीने सीबीसी करण्याचं कारण असतं.

आधी टीबी समजून औषधं झाली असतील तर त्यांचाही हिशेब मांडावा लागतो. रिफाम्पिसिनमुळे काही जणांच्या प्लेटलेट्स एकाएकी पडतात. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी दिलं जाणारं लिनेझोलिड मज्जा मंदावतं. अशा वेळी सारकॉइडने मज्जा गाठली, असं वरवर वाटतं. दोष असतो गोळीचा.

सुईच्या टोकाशी

एवढ्या वाटा असताना नुसत्या रक्ताच्या अहवालावरून अंदाज बांधणं अवघड. कोणताच खुलासा पुरेसा वाटेना, किंवा एकाहून जास्त प्रकारच्या पेशी घटल्या, की मज्जा तपासावी लागते.

रुग्णाला कुशीवर वळवतात. कमरेच्या मागे, जिथे दोन्ही बाजूंना खळी दिसते, त्याच्याजवळचं हाड चाचपून जागा ठरवतात. ती बधिर केली जाते. हाडाच्या वरच्या पडद्यापर्यंत भूल पोहोचते, आत नाही. म्हणून सिरिंज ओढताना पायापर्यंत एक विचित्र कळ जाते, ती क्षणभरच टिकते. आधी पातळ मज्जा काचपट्टीवर पसरतात. मग जमशिदी सुईने हाडाचा बारीक दंडगोल काढला जातो. इराणचे खोस्रो जमशिदी यांनी बेतलेली ही सुई गेली पन्नासहून अधिक वर्षं जगभर वापरात आहे. दंडगोल पेन्सिलीतल्या शिशाइतका जाड, दीड-दोन सेंटिमीटर लांब. दहा मिनिटं दाब देऊन पट्टी बांधली की रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

पातळ नमुन्यात ग्रॅन्युलोमा हाती लागेलच असं नाही, कारण तो आजूबाजूच्या ऊतीला घट्ट धरून असतो. तो दिसतो दंडगोलात. आधी त्या तुकड्यातलं कॅल्शियम विरघळवावं लागतं, म्हणून अहवालाला काही दिवस लागतात. पॅथॉलॉजिस्ट त्यात तीन गोष्टी पाहतो: पेशी किती आणि चरबी किती, ग्रॅन्युलोमा आहेत का, आणि असतील तर त्यांचा गाभा कसा. क्षयाच्या जंतूंसाठी वेगळं रंजन होतं, नमुना कल्चरला आणि जनुकीय चाचणीला जातो. मज्जेत ग्रॅन्युलोमा सापडणं मुळात विरळा, आणि सापडले तरी सारकॉइडोसिस हे नाव यादीच्या शेवटी येतं. त्याआधी टीबी, विषमज्वर, ब्रुसेलोसिस, काळा आजार, बुरशी, लिम्फोमा आणि औषधं यांना रजा द्यावी लागते. गुराढोरांत वावरणाऱ्या किंवा कच्चं दूध पिणाऱ्या माणसाला ब्रुसेलोसिसबद्दल विचारलंच पाहिजे.

मज्जा रिकामी होते तेव्हा

तपासात ग्रॅन्युलोमा नाहीत, परकी पेशी नाहीत, आणि दंडगोल जवळजवळ नुसत्या चरबीने भरलेला दिसतो, तेव्हा नाव येतं ॲप्लास्टिक ॲनिमियाचं. हे चित्र जर्मनीच्या पॉल एर्लिख यांनी १८८८ मध्ये एका तरुण गर्भवतीच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा टिपलं. पाश्चात्त्य देशांत दर वर्षी दहा लाख लोकांमागे सुमारे दोघांना हा आजार होतो. आशियात त्याचं प्रमाण दुप्पट-तिप्पट आहे.

मज्जा अशी का रिकामी होते, याचा धागा अनपेक्षितपणे सापडला. १९७०च्या सुमारास पॅरिसमध्ये जॉर्ज माते ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांत दुसऱ्याची मज्जा घालत होते. ती नाकारली जाऊ नये म्हणून रुग्णाच्या लिम्फोसाइट्स मारणारं द्रव्य आधी दिलं जाई. दुसऱ्याची मज्जा टिकली नाही, पण काही रुग्णांची स्वतःचीच मज्जा पुन्हा कामाला लागली. म्हणजे मूळ पेशी शिल्लक होत्या आणि त्यांना दाबून ठेवत होत्या रुग्णाच्याच लिम्फोसाइट्स. पुढच्या संशोधनाने गुन्हेगार निश्चित केले: टी-पेशी, आणि त्यांची हत्यारं इंटरफेरॉन-गॅमा व टीएनएफ.

सारकॉइडच्या ग्रॅन्युलोमात हीच रसायनं असतात. दोन्ही आजारांत संबंध असण्याचा सर्वांत भक्कम आधार हाच आहे. त्याला एक पुरवणी मिळते ती हेपॅटायटिस सीच्या जुन्या उपचारातून. या रुग्णांना महिनोन्‌महिने इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं दिली जात. त्यांच्यातल्या काहींना त्या काळात नव्याने सारकॉइडोसिस झाला, आणि त्याच औषधाने अनेकांच्या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स घटल्या. अल्फा हे गॅमाचं वेगळं भावंड, पण प्रतिकारशक्तीला चेतवणारा एकच संदेश एका बाजूला गाठी बांधतो आणि दुसऱ्या बाजूला मज्जा मंदावतो, हे माणसांत डोळ्यांदेखत दिसलं.

तरी घाई नको. दोन्ही आजार एकाच माणसात आढळल्याच्या नोंदी सुट्या प्रकरणांच्या स्वरूपातच आहेत. दोन दुर्मीळ आजार कधीतरी निव्वळ योगायोगानेही एकत्र येतात. शिवाय ही रसायनं इतर अनेक आजारांतही असतात, आणि त्या सगळ्या रुग्णांची मज्जा काही रिकामी होत नाही. टी-पेशींचा रोख एकदा फुप्फुसाकडे आणि एकदा रक्ताच्या मूळ पेशींकडे का वळतो, यावर काम चालू आहे. तोवर सारकॉइडमुळे मज्जा गेली असं म्हणण्यापेक्षा दोघांची जडणघडण जवळची आहे, असं म्हणणं पुराव्याला धरून आहे.

तोतये

काही वेळा ‘सारकॉइड आणि मज्जा’ ही जोडी मुळात एकाच, वेगळ्याच आजाराची दोन तोंडं असते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जनुकशास्त्राने असे काही आजार उजेडात आणले.

२०११ मध्ये गाटा-२ या जनुकातल्या दोषाचा आजार ओळखला गेला. त्यात मोनोसाइट्स या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात, क्षयाच्या जातकुळीतले जंतू पुन्हा पुन्हा ग्रासतात, फुप्फुसं बिघडतात, पायांवर दुखऱ्या लाल गाठी येऊ शकतात आणि पुढे मज्जा ढासळते. सीबीसीतला मोनोसाइट्सचा शून्याजवळचा आकडा नजरेतून सहज निसटतो. २०२० मध्ये व्हेक्सास नावाचा आजार समोर आला. तो प्रामुख्याने पन्नाशीपुढच्या पुरुषांना होतो. ताप, कातडीवर चट्टे, फुप्फुसांत डाग, सुजलेले कान आणि वाढत जाणारा ॲनिमिया. मज्जेच्या पेशींत पोकळ्या दिसतात. यूबीए-१ या जनुकातला बदल जन्मजात नसतो, तो वयपरत्वे मज्जेच्या पेशीत घडतो.

फुप्फुस आणि मज्जा यांना जोडणारा तिसरा दुवा टेलोमिअरचा. गुणसूत्रांच्या टोकांना असलेली ही आवरणं पेशीच्या प्रत्येक विभाजनागणिक झिजतात, आणि टेलोमरेज हे विकर त्यांची डागडुजी करतं. या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टक यांना २००९ चं नोबेल मिळालं. डागडुजीत जन्मजात खोट असलेल्या घरात एका भावाला ॲप्लास्टिक ॲनिमिया, काकांना फुप्फुसांचा फायब्रोसिस, आणखी कुणाला दारू न पिता यकृताचा सिरोसिस, आणि बऱ्याच जणांचे केस विशी-पंचविशीतच पिकलेले, असं दिसू शकतं. म्हणून फुप्फुस आणि मज्जा एकाच वेळी आजारी असतील तर घरातल्या तीन पिढ्यांची चौकशी ही फावल्या वेळची गोष्ट राहत नाही. या आजारात सारकॉइडचे ग्रॅन्युलोमा नसतात; छातीचा स्कॅन आणि तुकडा नीट पाहिला तर फरक कळतो.

उपायांची ओढाताण

मज्जेतले ग्रॅन्युलोमा स्टिरॉइडने बहुधा आक्रसतात आणि आकडे वर येतात. शरीराने स्वतःच्या प्लेटलेट्स मारल्या असतील तरी सुरुवात स्टिरॉइडनेच होते. औषधाचा दोष असेल तर ते थांबवणं हाच उपाय. टीबी असेल तर नुसतं स्टिरॉइड देणं म्हणजे आगीत तेल. आणि खरा ॲप्लास्टिक ॲनिमिया असेल तर एकट्या स्टिरॉइडचा फारसा उपयोग होत नाही. उलट आधीच दुबळा झालेला रुग्ण संसर्गाच्या तोंडी जातो.

तिथे लागतं एटीजी. माणसाच्या टी-पेशी घोड्याला टोचून, घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी काढून ते बनवतात. घोड्याचं एटीजी आणि सायक्लोस्पोरिन ही जोडी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना लागू पडते. ससा वापरून केलेलं एटीजी २०११ च्या अमेरिकी चाचणीत स्पष्टपणे मागे पडलं. अलीकडे त्यांच्यासोबत एल्ट्रोम्बोपॅग ही मज्जेच्या मूळ पेशींना चालना देणारी गोळी दिली जाते. रुग्ण तरुण असेल आणि सख्ख्या भावंडाचे ऊतीगुण जुळले तर प्रत्यारोपण. भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. आज मुंबई-पुण्यात ही सोय अनेक ठिकाणी आहे. अडचण खर्चाची आणि वेळेवर पोहोचण्याची.

सारकॉइडच्या रुग्णाने स्वतः सांभाळण्याजोगी गोष्ट म्हणजे जुने सीबीसी अहवाल तारखेनुसार एकत्र ठेवणं. लिम्फोसाइट्स दोन वर्षं कमीच आहेत, की मागच्या महिन्यात नवं औषध सुरू झाल्यावर घटल्या, हे एका अहवालातून कळत नाही. ओळीने सहा पाहिले की चटकन दिसतं. औषधांची यादी, त्यात आयुर्वेदिक चूर्णं आणि भस्मंही, त्याच फाइलमध्ये हवी. ताप १०१ फॅरनहाइटवर गेला, विनाकारण निळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त आलं किंवा तोंडात फोड आले, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं.

संशोधकांचं लक्ष सध्या इंटरफेरॉन-गॅमाचा संदेश पेशीत पोहोचवणाऱ्या जॅक या विकरांवर आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये कातडीच्या हट्टी सारकॉइडने त्रासलेल्या एका महिलेला टोफासिटिनिब हे जॅक रोखणारं औषध दिलं आणि तिचे व्रण निवळले. पुढे दहा रुग्णांवर तेच औषध वापरलं तेव्हा दहाही जणांत सुधारणा झाली, सहा जणांची कातडी पूर्ण स्वच्छ झाली, आणि सर्वांत ठळकपणे खाली आला तो इंटरफेरॉन-गॅमाचाच प्रभाव. दुसरीकडे मज्जा निकामी केलेल्या उंदरांत याच गटातलं रुक्सोलिटिनिब मज्जेला वाचवताना दिसलं. एकच औषधगट दोन्ही आजारांवर चालला तर त्यांच्या नात्याचा तो आजवरचा सर्वांत थेट पुरावा ठरेल. मात्र हीच औषधं तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्सही घटवू शकतात, त्यामुळे ती घेणाऱ्या प्रत्येकाचं सीबीसी ठरावीक मुदतीने करावंच लागतं.